डोळ्यातून निघालेले तंतू नरम बाजूला का वळले?

झेनोपस लेव्हिस या आफ्रिकी बेडकाचं अंडं फलित होऊन दोन दिवस होत आले, की भ्रूणाच्या दृष्टिपटलातल्या चेतापेशींचे अक्षतंतू, म्हणजे संदेश वाहून नेणारे त्यांचे लांब धागे, प्रवासाला निघालेले असतात. ते एकमेकांना धरून मेंदूत शिरतात, मध्यरेषा ओलांडून पलीकडच्या बाजूला जातात आणि डायएनसेफॅलॉन या भागाच्या पृष्ठभागालगत वर चढू लागतात. निम्मा चढ झाला की सगळा जुडगा शेपटीच्या दिशेला वळतो. तिथून पुढे मध्यमेंदूतलं टेक्टम, म्हणजे बेडकाचं पाहण्याचं केंद्र. तिथे आल्यावर तंतू मंदावतात, एकमेकांपासून सुटतात, पांगतात आणि आपापली जागा शोधू लागतात.

या प्रकरणात आपल्याला फक्त ते मधलं वळण पाहायचं आहे. निरोगी भ्रूणांमध्ये ते त्याच जागी आणि त्याच दिशेला होतं. एवढ्याशा वळणात प्रकरण करण्यासारखं काय, असं वाटेल. पण चेतापेशीला आजूबाजूचा ताठरपणा कळतो की नाही, कळत असेल तर ती त्याचं काय करते, आणि हे सिद्ध करताना माणसं कुठे घसरू शकतात, हे सगळं या एका वळणावर पाहायला मिळतं.

जुनं उत्तर चुकीचं नव्हतं

वाढत्या अक्षतंतूच्या टोकाशी पंज्यासारखा एक पसरट भाग असतो. त्यातून बोटांसारखे बारीक फाटे सतत बाहेर येतात, चाचपडतात, मागे जातात. हा वृद्धिशंकू सांतियागो रामोन ई काहाल यांनी 1890 मध्ये कोंबडीच्या भ्रूणात पाहिला. त्यांनी पाहिलं ते मारून, रंगवून, काचेवर चिकटवलेल्या कापात, म्हणजे हालचाल थांबलेली असताना. तरीही हे टोक वाट शोधत पुढे घुसत असणार, असं त्यांनी ताडलं. या माणसाच्या नजरेचं मला नेहमी नवल वाटतं.

वाट शोधायची कशी, याचं सर्वांत वजनदार उत्तर रॉजर स्पेरी यांच्याकडून आलं. 1940 च्या दशकात त्यांनी बेडूक आणि सॅलमँडरच्या कुळातल्या प्राण्यांची दृक्‌चेता कापली, डोळा खोबणीत 180 अंशांनी फिरवला आणि चेता पुन्हा वाढू दिली. तंतू टेक्टममधल्या आपापल्या जुन्या जागीच परतले. परिणामी प्राण्याला जग उलटं दिसू लागलं. भक्ष्य वर असताना तो खाली झेपावे, आणि कितीही दिवस गेले तरी सुधारत नसे. म्हणजे तंतू अनुभवाने शिकत नाहीत, त्यांना पत्ता आधीच ठाऊक असतो. हा पत्ता रासायनिक असतो, असं स्पेरी यांनी 1963 मध्ये स्पष्टपणे मांडलं. 1990 च्या दशकात नेट्रिन, सेमाफोरिन, स्लिट, एफ्रिन अशी जवळ ओढणारी किंवा दूर लोटणारी प्रथिनं एकामागून एक हाती लागली आणि त्या कल्पनेला देह मिळाला.

आपल्या वळणापाशीही अशी प्रथिनं आहेत. सेमाफोरिन 3ए आणि स्लिट 1 ही दोन्ही दूर लोटणारी प्रथिनं तिथल्या ऊतीत तयार होतात. ती कमी झाली की वळण बिघडतं. इथेच फाइल बंद करता आली असती. बऱ्याच जणांनी केलीही होती.

काचेने झाकलेली गोष्ट

ताठरपणाचा विचार इतक्या उशिरा का आला? मला यामागे प्रयोगशाळेची एक सवय दिसते. 1907 मध्ये रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातला चेताऊतीचा तुकडा गोठलेल्या लसिकेच्या थेंबात ठेवून तंतू वाढताना प्रत्यक्ष पाहिला. तो थेंब मऊ होता. पुढे पेशी वाढवण्याचं तंत्र सोयीचं होत गेलं तसा तळ काचेचा आणि प्लास्टिकचा झाला. ताठरपणा पास्कल या एककात मोजतात. काचेचा ताठरपणा सुमारे 70 गिगापास्कल, म्हणजे 70 अब्ज पास्कल असतो. मेंदूची ऊती मात्र काहीशे पास्कलपासून एखाद्या किलोपास्कलपर्यंतची, म्हणजे काच तिच्याहून निदान काही कोटी पट ताठर. त्या तळावर एक रसायन बदलून दुसरं घातलं की फरक दिसे. ताठरपणा कोणी बदलतच नव्हतं, मग त्याचा परिणाम दिसणार कुठून?

कोड्याला तोंड फुटलं ते पॉलिअ‍ॅक्रिलामाइडच्या जेलमुळे. या जेलमधल्या साखळ्यांचे आडवे जोड कमी-जास्त केले की ताठरपणा हवा तसा ठरवता येतो, आणि वरच्या थराचं रसायन मात्र तेच ठेवता येतं. 2000 साली अशाच जेलवर दिसलं की फायब्रोब्लास्ट, म्हणजे संयोजी ऊतीतल्या पेशी, नरम भागाकडून ताठर भागाकडे सरकतात. या सरकण्याला ड्युरोटॅक्सिस हे नाव तेव्हा मिळालं. आपल्या प्रकरणात तंतू नेमके उलट वागतात, हे इथेच लक्षात ठेवा.

2016 : नकाशा, जेल आणि अडथळे

केंब्रिज विद्यापीठात क्रिस्टियान फ्रान्झे आणि क्रिस्टीन होल्ट यांच्या गटांनी या वळणावर केलेलं काम 2016 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांनी आधी ताठरपणाचा नकाशा काढला. जिवंत भ्रूणाचा मेंदू एका बाजूने उघडा करायचा, लवचीक पट्टीला चिकटवलेला अतिसूक्ष्म मणी त्यावर हलकेच टेकवायचा आणि ठरावीक बळाने तो किती आत रुततो हे पाहायचं. कमी रुतला तर ताठर, जास्त रुतला तर नरम. हे काम अणुबल सूक्ष्मदर्शकावर होतं. 1986 चं हे यंत्र पृष्ठभागावरचे अणू चाचपण्यासाठी बनलं होतं, इथे ते मेंदू चाचपत होतं. एकेका बिंदूवर टेकवत गेल्यावर नकाशा तयार झाला आणि त्यात चढउतार स्पष्ट दिसले. जिथे पेशी दाट, तिथे ऊती ताठर. वळणापाशी एका बाजूला ताठर ऊती, दुसऱ्या बाजूला नरम, आणि तंतूंचा जुडगा नरम बाजूला कललेला.

एवढ्याने काही सिद्ध होत नाही. दोन गोष्टी एका जागी दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं नव्हे. नरम बाजूला दुसरं एखादं रसायनही असू शकतं. म्हणून दुसरी पायरी जेलची. डोळ्याचे तुकडे दोन जेलवर वाढवले, एक 0.1 किलोपास्कलचं आणि दुसरं 1 किलोपास्कलचं. ताठर जेलवर तंतू भराभर, सरळ आणि एकमेकांना धरून वाढले. नरम जेलवर ते हळू वाढले, रेंगाळले, पांगले. मेंदूतही हेच चित्र होतं : वाटेत सरळ जुडगा, टेक्टमजवळच्या नरम भागात पांगापांग. मग एकाच जेलमध्ये ताठरपणा हळूहळू बदलत नेला. रासायनिक उतार नव्हता, फक्त ताठरपणाचा होता. तंतू नरम बाजूला वळले.

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत भक्कम पुरावा हाच. जेलमध्ये सेमाफोरिनचा उतार नाही, शेजारपाजार नाही, मेंदू नाही. उरतो तो ताठरपणा.

तिसरी पायरी अडथळ्यांची. जिवंत मेंदूचा ताठरपणा रसायनांनी बदलला, तंतू भरकटले. ताण ओळखणाऱ्या आयन चॅनेलना, म्हणजे आयन आत-बाहेर सोडणाऱ्या पेशीपटलातल्या दारांना, जीएसएमटीएक्स 4 या पेप्टाइडने (छोट्या प्रथिनाने) बंद केलं, तेव्हाही भरकटले. हे पेप्टाइड टॅरँट्युला कोळ्याच्या विषातून मिळालेलं आहे. आणि शेवटी पिएझो 1 या एकाच चॅनेलचं उत्पादन कमी केलं, तरी तेच. जेलवर तर ही चॅनेल बंद केल्यावर ताठर जागी वाढणारे तंतू नरम जागी असल्यासारखे वागू लागले. ताठर जमीन पायाखाली होती, पण ती त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हती.

इथे एक शंका घ्यायलाच हवी. मेंदूवर एखादं रसायन ओतलं की ते ताठरपणा बदलतं आणि आणखी दहा गोष्टीही करतं. नुसत्या त्या प्रयोगावर मी विश्वास ठेवला नसता. पण जेल, चॅनेल आणि नकाशा या तिघांचं बोट एकाच दिशेला आहे. एका प्रयोगातली फट दुसऱ्याने बुजते, हीच या कामाची खरी कमाई.

टोकाला कळतं कसं?

वृद्धिशंकूच्या पुढच्या कडेला अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे धागे सतत तयार होत असतात आणि मायोसिन हे दुसरं प्रथिन त्यांना मागे खेचत असतं. म्हणजे आतला सांगाडा एखाद्या चालत्या पट्ट्यासारखा सारखा मागे वाहतो. हा पट्टा नुसता फिरत राहिला तर टोक जागचं हलणार नाही. पुढे जायचं तर पट्टा बाहेरच्या जमिनीशी जोडला जायला हवा. पेशीपटलातून आरपार गेलेली इंटेग्रिनसारखी प्रथिनं आणि त्यांना आतून धरणारी टॅलिन, विंक्युलिन ही मंडळी तो जोड घडवतात. गाडीच्या क्लचसारखंच हे काम, म्हणून त्याला रेण्वीय क्लच म्हणतात. क्लच धरला की मागे खेचण्याचं बळ जमिनीवर पडतं आणि टोक पुढे सरकतं.

जमीन नरम असेल तर ती खेचीसोबत येते. बळ हळूहळू साठतं, पुरेसे जोड जुळायला अवकाश मिळतो, मग भार वाढत जाऊन सगळे जोड जवळपास एकदम सुटतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. जमीन ताठर असेल तर ती हलत नाही, बळ क्षणात चढतं आणि जोड जुळत नाहीत तोच सुटत जातात. क्लेरेन्स चॅन आणि डेव्हिड ओड्डी यांनी 2008 मध्ये कोंबडीच्या भ्रूणातल्या चेतापेशींवर ही दोन्ही वागणी दाखवली. थोडक्यात, पेशी ताठरपणा मोजायला वेगळं काही करत नाही. ती खेचते आणि खेचीला किती लवकर उत्तर येतं ते तिच्या अंगावर उमटतं. आपण अंधारात भिंत आहे की पडदा हे हात टेकवून ओळखतो, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच, की पेशी ढकलत नाही, ओढते.

ओढीचा ताण पटलापर्यंत पोहोचला की पिएझोचं काम सुरू होतं. पिएझो 1 आणि 2 ही चॅनेल बर्त्रां कोस्त आणि आर्डेम पटापूटियन यांनी 2010 मध्ये ओळखली, आणि स्पर्शाच्या संवेदनेवरच्या कामासाठी पटापूटियन यांना 2021 चं नोबेल डेव्हिड ज्युलियस यांच्यासोबत मिळालं. पिएझो 1 चा आकार तीन पात्यांच्या पंख्यासारखा आहे. तीन सारखे घटक, प्रत्येकात अडीच हजारांच्या आसपास अमिनो आम्लं, आणि पाती अशी वाकलेली की त्यांच्याभोवतीचं पटल वाटीसारखं खोलगट होतं. पटल ताणलं गेलं की वाटी सपाट होऊ लागते, मधलं छिद्र उघडतं आणि कॅल्शियमसारखे धन आयन आत येतात. कॅल्शियम आत आलं की अ‍ॅक्टिन, मायोसिन आणि जोडांची देवघेव बदलते. यांत्रिक बातमी इथे रासायनिक भाषेत उतरते.

वेगाचं कोडं

आता या प्रकरणातला मला सर्वांत आवडणारा भाग. तंतू ताठर जमिनीवर वेगाने वाढतात. मग ते नरम बाजूला का वळतात? जिथे वेग जास्त तिथे जावं, हे साधं. फायब्रोब्लास्ट तसं करतातही. पहिल्यांदा वाचताना मला वाटलं, दोनपैकी एक मोजमाप चुकलं असावं.

चूक मोजमापात नव्हती, माझ्या प्रश्नात होती. मी एकट्या तंतूचा विचार करत होतो, आणि वळत होता जुडगा. कवायतीत हातात हात घालून चालणारी एक रांग डोळ्यांपुढे आणा. डावीकडचे भराभर पावलं टाकतात, उजवीकडचे हळू. कोणी कोणाचा हात सोडत नाही. रांग कुठे वळेल? हळू चालणाऱ्यांकडे, उजवीकडे. कोणालाही उजवीकडे जायची इच्छा असण्याची गरज नाही. ताठर बाजूचे तंतू पुढे सरसावतात, नरम बाजूचे मागे राहतात, आणि एकमेकांना चिकटून असल्यामुळे सगळा जुडगा नरम बाजूला कलतो.

प्रकाशाचं अपवर्तनही असंच होतं. किरण हवेतून पाण्यात तिरपा शिरतो तेव्हा तरंगाची आधी पाण्यात शिरलेली कड मंदावते आणि किरण वाकतो. फ्रान्झे यांच्या गटाने ही तुलना तेव्हाच केली होती. 2021 मध्ये अद्रिएं ऑलिव्हेरी, अलां गोरीली आणि फ्रान्झे यांनी तिचं गणित मांडलं. ताठरपणाच्या सीमेवर तंतूंचा जुडगा स्नेलचा नियम, म्हणजे प्रकाश किती वाकेल हे सांगणारा नियम, पाळतो, परावर्तनसुद्धा होऊ शकतं, आणि ताठर-नरम भागांची योग्य मांडणी केली तर जुडगा भिंगातून गेल्यासारखा वळवता येईल, असं त्या गणितातून निघतं. डोळ्यातून निघालेले तंतू प्रकाशाचेच नियम पाळतात, हा योगायोग लिहिणाऱ्याला मोह पाडणारा आहे. मोह आवरून पुढे जातो.

इथे एक इशारा. हे उत्तर सगळ्या चेतापेशींना लावू नये. 2012 मध्ये उंदराच्या जातीच्या प्राण्यांमधल्या दोन प्रकारच्या चेतापेशी जेलवर शेजारी ठेवून पाहिल्या गेल्या. पाठीच्या कण्यालगतच्या संवेदी पेशींची वाढ सुमारे 1 किलोपास्कलला सर्वांत जास्त झाली, मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाच्या पेशींना मात्र ताठरपणाने फारसा फरक पडला नाही. पेशी ज्या शेजारात वाढणार आहे, त्याप्रमाणे तिचा कान तयार झालेला असतो.

आधी काय घडलं?

2016 च्या नकाशात काळ नव्हता. ताठरपणाचा उतार आधी तयार झाला आणि मग तंतू वळले, की तंतूंच्या गर्दीनेच ऊती ताठर झाली? कारण आणि परिणाम उलटे लागले तर सगळं प्रकरण कोसळतं. 2019 मध्ये याच गटाने एकाच जिवंत भ्रूणावर पुन्हा पुन्हा मोजमाप केलं आणि त्याच वेळी चमकणारे तंतूही टिपले. दिसलं ते असं, की मेंदूचा ताठरपणा काही दहा मिनिटांतच बदलतो. मेंदूचा पोत दिवसांच्या गतीने बदलत असेल, अशी माझी समजूत होती. उतार आधी उभा राहिला, तंतू त्यामागून वळले. हा उतार मुख्यतः पेशींच्या विभाजनातून येत होता. पेशी वाढल्या, दाटल्या, ऊती ताठरली. विभाजन रोखलं तर उतारही फिका पडला आणि वळणही.

म्हणजे वळणाची जागा ठरवण्यात, तंतू तिथे पोहोचण्याआधी, दुसऱ्याच पेशींच्या विभाजनाचा हात असतो.

दोष प्रवाशाचा की वाटेचा?

पिएझो 1 कमी केल्यावर तंतू वाट चुकतात. यावरून तंतूंना ताठरपणा पिएझोमुळे कळतो, असा अर्थ सहज निघतो. मीही तोच काढला होता. पण पिएझो 1 फक्त तंतूंमध्ये नसतं, आसपासच्या ऊतीतही असतं. मग दोष कोणाचा?

फ्रान्झे यांच्या गटाने पुढे हे दोन भाग वेगळे केले. फक्त डोळ्यातल्या पेशींमध्ये पिएझो 1 कमी केलं, तंतू चुकले. हे अपेक्षित होतं. मग तंतूंना हात न लावता फक्त भोवतालच्या मेंदूत ते कमी केलं. तरीही तंतू चुकले, स्वतःचं पिएझो शाबूत असताना. कारण शोधलं तर सापडलं काय, सेमाफोरिन 3ए आणि स्लिट 1 घटलेले. तीच दोन प्रथिनं, ज्यांच्यावर जुनी फाइल बंद होत होती. शिवाय ऊती नरमही झाली होती. पेशींना एकमेकींशी बांधणारी प्रथिनं कमी करून ऊती वेगळ्या मार्गाने नरम केली, तेव्हाही सेमाफोरिन घटलं. उलट ऊती ताठर केली, तर सेमाफोरिन तयार होऊ लागलं.

यानंतर 'रसायन की ताठरपणा' हा वादच वेगळा दिसू लागतो. ताठरपणा दोन वाटांनी काम करतो. एक थेट : तंतूचं टोक खेचून पाहतं, वेग बदलतो, जुडगा कलतो. दुसरी फिरून : ऊती आपलाच ताठरपणा ओळखते, त्यानुसार सेमाफोरिन सोडते, आणि ते दूरवरच्या, त्या ताठर जागेला कधी स्पर्शही न केलेल्या तंतूलाही लोटतं. स्पेरी यांचा रासायनिक पत्ता खोटा ठरला नाही. फक्त तो लिहिणाऱ्या हाताला जमीन किती ताठर आहे हे आधी कळावं लागतं.

याचा एक व्यवहारी परिणामही आहे. मज्जारज्जूला इजा झाल्यावर तिथे तयार होणारा व्रण ताठर असतो आणि म्हणून तंतू त्यातून वाढत नाहीत, असं सर्रास धरलं जायचं. 2017 मध्ये उंदीर-घुशींच्या मेंदूतला आणि मज्जारज्जूतला असा व्रण मोजला गेला, तर तो शेजारच्या निरोगी ऊतीपेक्षा नरम निघाला. ज्या तंतूंना सरळ, भराभर वाढायला ताठर जमीन लागते, त्यांच्यापुढे तिथे नरम जमीन येते. 2019 मध्ये फळमाशीत आणि उंदरात असंही दिसलं, की पिएझो काढून टाकल्यावर कापलेले तंतू अधिक चांगले वाढतात. बेडकाच्या भ्रूणात ज्या चॅनेलशिवाय वाट चुकते, तेच चॅनेल इजेनंतर वाढीला लगाम घालतं. वाढत्या पेशीला दिलेली एकच खबर वय आणि जागा बदलली की वेगळी वाचली जाते. त्यामुळे तुटलेल्या चेतेसाठी भरणाचं जेल बनवणाऱ्याने 'योग्य ताठरपणा किती' एवढंच विचारून भागत नाही. कोणत्या पेशीला आणि कोणत्या वेळी, हे आधी ठरवावं लागतं. आणि ते जेल शेजारच्या ऊतीकडून कोणती रसायनं सोडवून घेईल, हेही त्याला मोजावं लागतं.